अण्णांवरचा अनुस्वार

खालापुरात माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दारात घाईत उभे असलेले लोक. प्रतिज्ञापत्र, वाटणीपत्र, वारसाचा अर्ज, हरकत. वीस वर्षं हेच टाइप करते आहे. या धंद्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, माणूस काय बोलतो त्यावर जाऊ नये, कागदावर काय उमटलं ते बघावं. दुसरी, अनुस्वार. 'मुलाच्या नावे' लिहिलं तर जमीन एकट्या मुलाला जाते, 'मुलांच्या नावे' लिहिलं तर सगळ्यांना. मध्ये फक्त एक टिंब. सुरुवातीच्या दिवसांत ते टिंब माझ्या हातून एकदा सुटलं होतं, आणि त्या घरातली बहीण दुकानात येऊन मला जे बोलली ते मी अजून विसरलेली नाही. तेव्हापासून कुठलाही कागद बाहेर देण्याआधी तो मी नुसत्या टिंबांसाठी एकदा वेगळा वाचते.

मी काहीच विसरत नाही, हेही सांगून टाकते. डूख धरणारी बाई आहे मी. घरात सगळे म्हणतात आणि खोटं म्हणत नाहीत. तेव्हा पुढे माफीबिफीचं काही येईल अशी वाट कुणी बघू नये.

आमचं गाव पळसदरीच्या अलीकडे. मी माहेरीच राहते. का राहते ते सांगत बसत नाही, गावानं ते परस्पर ठरवून टाकलेलं आहे. घरात मी आणि माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी उभा जन्म भात केला. शाळा चौथीपर्यंत, पण रोपाच्या पानाकडे बघून ते सांगतात की याला पाणी जास्त झालंय, का खत, का मालकाचं लक्ष नाही.

कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतल्या भातवाल्यांचा मिळून एक गट आहे. त्याची वेबसाइट मी केली. तयार साचा घेतला, लोंब्यांचा फोटो लावला, सभासदांची यादी टाकली. मग तिच्या शेजारी एक फोरम बसवला. फोरम म्हणजे कुणीही प्रश्न विचारायचा, कुणीही उत्तर द्यायचं, आणि ते सगळं तिथंच राहायचं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला वाचता यावं म्हणून. मोबाइलवरच्या ग्रुपवर सकाळच्या फुलांत आणि सुविचारांत भाताच्या करपा रोगाचा प्रश्न दुपारपर्यंत वाहून जातो. फोरमवर तो जागचा हलत नाही.

अण्णांना टाइप करता येत नाही. मी दुकान बंद करून स्कूटीवरून घरी आले की चहा घेता घेता त्यांना दिवसभरात आलेले प्रश्न वाचून दाखवायची. ते ओटीवर बसून उत्तर सांगायचे, मी जसंच्या तसं टाइप करायची. 'करपा नाय तो. पानी तुंबलंय. बांधाला वाट दे नि चार दिस थांब. औषधवाल्याकडं जाऊ नको.' त्यांच्या 'हाय'चं मी 'आहे' केलं नाही. कोर्टाच्या कागदात दिवसभर शुद्ध लिहिते तेवढं पुरे. लोकांना ते आवडायचं. चार पावसाळ्यांत अण्णांची शेकड्यांनी उत्तरं झाली. फोरमवर त्यांचं नाव मी ठेवलं होतं, 'अण्णांचं खाचर'.

आता इथं नीट लक्ष द्यावं, कारण सगळा घोळ इथंच आहे.

आमच्याकडे एका वयापुढे निम्मे पुरुष अण्णा होतात, उरलेले दादा नाहीतर भाऊ. खालापूरच्या बाजूला खताचं आणि औषधाचं दुकान असलेले एक गृहस्थ आहेत. जमीनही बऱ्यापैकी, माझ्या जायच्या-यायच्या रस्त्याला लागूनच. त्यांनाही लोक अण्णाच म्हणतात. त्यांनी फोरमवर स्वतःचं खातं उघडलं आणि नाव ठेवलं, 'अण्णाचं खाचर'. माझ्या वडिलांचं नाव मुलीनं लिहिलेलं, म्हणून त्यात 'ण्णा'वर आदराचा अनुस्वार. त्यांचं त्यांनी स्वतः लिहिलेलं, आणि स्वतःला कोण अहोजाहो करतं? म्हणून टिंब नाही. दोन्ही बरोबर. मला तर तेव्हा हसूच आलं होतं. ते दुकानदार फोरमवर फारसं लिहीत नसत. नवा माल आला, अमुक औषधावर सूट, एवढंच.

मग गटाच्या अध्यक्षांच्या डोक्यात आलं की साइटला एक पासवर्ड, फोरमला दुसरा, यात लोक गोंधळतात. दोन्ही जोडून एकच करावं. यात चूक काहीच नव्हती, मीही तेच म्हणत होते. पण अध्यक्षांचा भाचा नवी मुंबईत इंजिनिअर आहे. बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "ताईंनी टायपिंग छान सांभाळलं. आता टेक्निकल बाजू आपला माणूस बघंल." साइट उभी मी केली, फोरम मी बसवला, आणि माझं टायपिंग छान. मी पासवर्ड एका कागदावर लिहून दिले. देण्याआधी दोन्ही डेटाबेसची एकेक प्रत काढून दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवली. त्यात कपट नव्हतं. माझ्याकडून कुठलाही कागद प्रत ठेवल्याशिवाय बाहेर जात नाही.

जोडकाम सुरू झालं आणि आठवडाभर साइट उघडेचना. पांढऱ्या पानावर एकच ओळ, डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही. मग उघडली तर सगळी मराठी अक्षरं जाऊन त्या जागी प्रश्नचिन्हं. चार वर्षांचं बोलणं, नुसती प्रश्नचिन्हं, रांगेनं. अण्णा माझ्या मोबाइलकडे बघून म्हणाले, "हे काय गं? सगळे इचारतायत, सांगत कोनीच नाय?" त्या दिवशी आम्ही दोघं पोटभर हसलो. अक्षरं दोन डेटाबेसांत दोन तऱ्हांनी साठवलेली, इंजिनिअरनं ती एकाच मापानं वाचायला घेतली होती. असं होतं, माझंही झालं असतं. चार दिवसांनी अक्षरं परत आली.

अक्षरं आली, पण अण्णा गेले. त्यांच्या प्रत्येक उत्तरावर आता नाव होतं 'अण्णाचं खाचर', आणि शेजारी दुकानदाराचा फोटो, ट्रॅक्टरला टेकून उभा.

मी इंजिनिअरला फोन केला.

"ताई, एकाच माणसाची दोन खाती होती. मी ती एक केली," तो म्हणाला.

"एकाच नाही हो. दोन वेगळी माणसं आहेत. एक माझे वडील आहेत."

"सिस्टिमला एकच दिसतोय. तुमचं काहीतरी बघण्यात चुकत असेल. डेटाबेस खोटं बोलत नाही ताई." आणि मीटिंग आहे म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग दुकानदाराला फोन केला. ते म्हणाले, "मला बाय त्या कॉम्प्युटरातलं काय बी कळत नाय." त्यानंतर आठ दिवसांत त्यांच्या दुकानाबाहेर फलक लागला, 'फोरमवरचे तुमचे अण्णा येथे भेटतील'. मी रोज त्याच रस्त्यानं जाते. रोज वाचायची.

मे महिन्यात गटाचा वार्षिक मेळावा झाला, कर्जतला एका मंगल कार्यालयात. फोरमवर सर्वांत जास्त उत्तरं देणाऱ्याला शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मला काय होणार ते माहीत होतं आणि मी अण्णांना नेऊ नको असं स्वतःला सांगत होते. पण ते सकाळीच धुतलेला सदरा घालून तयार बसले होते. त्यांना वाटत होतं की कॉम्प्युटरमध्ये झालं ते कॉम्प्युटरमध्ये, माणसांना तर ठाऊक आहे कोण बोललंय ते.

दुकानदाराच्या खांद्यावर शाल पडली. अध्यक्षांनी माइकवरून नमुन्यादाखल तीन उत्तरं वाचून दाखवली. त्यातलं एक होतं, 'औषधवाल्याकडं जाऊ नको.' हे वाक्य औषधवाल्याच्या तोंडी घालून त्याच्याच खांद्यावर शाल घातली, आणि दोनशे माणसांत एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. टाळ्या वाजवल्या.

अण्णा तिसऱ्या रांगेतून उठले. "ते मी सांगितलेलं हाय," एवढंच म्हणाले.

 मग इंजिनिअरनं माइक हातात घेतला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काका, सिस्टिममध्ये सगळी नोंद असते. वयोमानानं होतो असा गोंधळ. बसा तुम्ही, पाणी घ्या." लोक हसले. ते हसू वाईट नव्हतं, प्रेमळच होतं, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं. त्या प्रेमळपणानंच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीतरी खरंच पाण्याचा ग्लास आणून दिला आणि अण्णा तो हातात धरून खाली बसले. प्यायले नाहीत.

घरी येताना स्कूटीवर मागून म्हणाले, "जाऊ दे गं बाय." दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी नेहमीप्रमाणे प्रश्न वाचायला लागले. कुणीतरी विचारलं होतं, राब भाजणीला, म्हणजे रोपं टाकायची जागा भाजायला, उशीर झाला तर काय. अण्णा उठून गोठ्याकडे गेले. जाता जाता म्हणाले, "त्याला इचारा. अण्णाला."

ते पुढे दोन महिने एक अक्षर बोलले नाहीत. म्हणजे माझ्याशी बोलत, जेवायला वाढ म्हणत, गाईचं दूध कमी झालंय म्हणत. भातावर बोलले नाहीत. ज्या माणसाच्या तोंडात भाताशिवाय दुसरा विषय नव्हता तो पेरणीच्या दिवसांत गप्प बसला. मला तेव्हा दोनच गोष्टी हव्या होत्या. अण्णांचं बोलणं अण्णांच्या नावावर परत यायला हवं, आणि ज्या हॉलमध्ये त्यांना पाणी पाजलं त्याच हॉलमध्ये इंजिनिअरचं आणि दुकानदाराचं नाक कापलं जायला हवं. यांतलं पहिलं आधी की दुसरं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर खरं उत्तर दिलं नसतं.

जूनमध्ये एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी सहज, खरं तर सहज नव्हे, रागानं, इंटरनेटवर 'अण्णाचं खाचर' शोधलं. दुकानदारांनी कुठं कुठं फलक लावलेत ते बघायला. तर एक परदेशी मदत-फोरम निघाला, जिथं डेटाबेसच्या अडचणी विचारतात. सगळं इंग्रजीत आणि मधोमध देवनागरीत आमचं खाचर. आमच्या इंजिनिअरसाहेबांचाच प्रश्न होता. साइट आणि फोरम जोडताना सदस्यांच्या तक्त्यात दुहेरी नोंदीची चूक येते, असं लिहून त्यानं आलेली ओळ चिकटवली होती. पुढे लिहिलं होतं, एका सदस्याची दोन खाती दिसली, मी ती एकत्र केली, चूक गेली. पण आता नवीन सदस्यांना नाव घेता येत नाही, 'हे नाव आधीच घेतलेले आहे' म्हणून सांगतं, आणि यादीत तर ते नाव नाही. कृपया मदत करा. खाली एकही उत्तर नव्हतं.

म्हणजे कुणी तक्रार केली नव्हती, कुणी तपासलं नव्हतं. चूक दिसू नये म्हणून त्यानं एक माणूस पुसला होता.

मी माझी जुनी प्रत काढली. मी शिकलेली इंजिनिअर नाही, पण वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून काही गोष्टी येतात. फोरममध्ये नावांची तुलना कशी करायची याचा एक नियम असतो. माझ्या जुन्या फोरमचा नियम होता, अक्षर जसं आहे तसं बघा. साइटचा नियम वेगळा होता आणि जोडताना इंजिनिअरनं फोरमला तोच लावला होता. मी डेटाबेसला सरळ प्रश्न टाकला. साइटच्या नियमानं 'अण्णांचं खाचर' आणि 'अण्णाचं खाचर' एकच का? उत्तर आलं, एक. म्हणजे हो. मी 'मुलांच्या' आणि 'मुलाच्या' टाकलं. हो. 'त्यांचा' आणि 'त्याचा'. हो. त्या नियमाला अनुस्वार दिसतच नव्हता. कुठंतरी लांब बसून कुणीतरी ठरवलं होतं की डोक्यावरचं टिंब हे काही अक्षर नव्हे, नावं ताडताना ते मोजू नये. मी एवढ्या मोठ्यानं हसले की हरकतीचा अर्ज घेऊन दारात आलेले एक आजोबा परत पायरीवर गेले.

आता नवीन लोकांना नाव का मिळत नव्हतं तेही कळलं. यादीत आधी 'मामाचा मळा' असेल तर 'मामांचा मळा' घेता येत नव्हता. आमच्याकडची माणसं आपल्या मामाला, काकाला, दादाला अनुस्वार दिल्याशिवाय राहतात थोडीच. जो जो आदरानं नाव लिहायला जाई तो तो दारात अडकत होता.

चूक सापडली. दुरुस्ती दोन ओळींची. मी इंजिनिअरला सांगितलं का? नाही. तीन आठवडे सांगितलं नाही. रोज सकाळी दुकान उघडलं, झाडलं, चहा मागवला की तो परदेशी फोरम उघडायचा आणि त्याची तडफड बघायची हा माझा नेम झाला. तो पुन्हा पुन्हा लिहायचा. कुणीतरी मदत करा. फार तातडीचं आहे. मामांचं माझ्यावर प्रेशर आहे. परदेशातल्या एकानं उत्तर दिलं, जागा सोडली असेल, स्पेस तपासा. तो बिचारा दोन दिवस स्पेस तपासत बसला. तो चहा मला फार गोड लागायचा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात अध्यक्ष स्वतः दुकानात आले. प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले, रुमालानं मान पुसली. "ताई, ती साइट पार बंद पडल्यागत झालीय. लोक शिव्या घालतायत. तुमी जरा हात लावा."

"टायपिंग करू का?" मी विचारलं.

ते ओशाळले. मला बरं वाटलं. मी म्हटलं, करते, पण दोन अटी आहेत. सगळे पासवर्ड माझ्याकडे. आणि दुरुस्ती त्याच मंगल कार्यालयात, सभासदांसमोर, भिंतीवर दिसेल अशी. तुमचा भाचा हजर पाहिजे. मानपत्राचे मानकरी पण. अध्यक्षांना वाटलं मला मिरवायचंय. ते कबूल झाले.

पासवर्ड मिळाल्यावर मी चार दिवस दुपारी दुपारी तयारी केली. प्रत्येक उत्तराला एक क्रमांक असतो. माझ्या जुन्या प्रतीत कुठल्या क्रमांकाचं उत्तर कुणाचं ते लिहिलेलं होतं. दुकानदाराचे स्वतःचे लेख मोजले तर बारा भरले. दहा जाहिराती, एक प्रश्न आणि त्याखाली आभाराच्या दोन ओळी. तो प्रश्न वाचला आणि मी खुर्चीत मागे टेकले. एवढं मनासारखं मला मागूनही मिळालं नसतं.

सभा लावणी उरकल्यावरच्या रविवारी होती. पाऊस बघायला धरणाकडे जाणाऱ्या शहरातल्या पाहुण्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, तरी दीडशेवर माणसं आली. अण्णांना मी आणलं. पहिल्या रांगेत बसवलं. त्यांना काही सांगितलं नव्हतं.

मी भिंतीवर फोरमचं एक जुनं पान लावलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "प्रश्न. विचारणारे, अण्णाचं खाचर. 'माझी रोपं पिवळी पडली, समदं औषध मारून झालं, काय करू?' उत्तर. देणारे, अण्णाचं खाचर. 'औषध बंद कर. पानी काढ. युरिया टाकू नको.' त्यावर आभार. मानणारे, अण्णाचं खाचर. 'अण्णा, तुमी होता म्हनून माझं भात वाचलं. तुमचे पाय धरतो.'"

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सोताचेच पाय धरलं की काय?" आणि हॉल फुटला. या वेळचं हसू प्रेमळ नव्हतं. मी पुन्हा एकदा वाचलं, सावकाश. गरज नव्हती. मला ऐकायचं होतं.

मग मी अनुस्वाराचं सांगितलं. मुलाच्या आणि मुलांच्या, जमिनीचं उदाहरण दिलं, ते एका क्षणात सगळ्यांना कळलं. त्या परदेशी फोरमवरची इंजिनिअरची ओळ भिंतीवर लावली, 'एका सदस्याची दोन खाती दिसली, मी ती एकत्र केली'. आणि म्हटलं, "डेटाबेस खोटं बोलत नाही म्हणाला होतात. बरोबर आहे. तो खोटं बोलतच नव्हता, तुम्ही त्याला अर्धं वाचत होतात." इंजिनिअरसाठी मी एक पाण्याचा ग्लास भरून आणला होता. तो त्याच्यासमोर ठेवला. "घ्या, बसा." हे मी ठरवून केलं. क्षुद्रपणा होता आणि मला तो हवा होता.

दुरुस्तीची शेवटची ओळ चालवली, पान पुन्हा उघडलं. भिंतीवर टिंब आलं. अण्णांचं खाचर, अण्णांचं खाचर, अण्णांचं खाचर, खालपर्यंत. दुकानदाराच्या नावावर दहा जाहिराती, एक प्रश्न आणि एक पाय धरणं उरलं. ते मागच्या दारानं केव्हा गेले कुणी पाहिलं नाही. फलक दुसऱ्या दिवशी उतरला. मानपत्र त्यांनी अध्यक्षांकडे परत पाठवलं, ते अध्यक्षांनी आमच्या घरी आणलं. अण्णांनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "याच्यावर त्याचं नाव हाय. मी काय करू?" आणि परत दिलं.

पण त्या संध्याकाळी चहाच्या वेळी ते आपणहून ओटीवर येऊन बसले. "वाच गं, काय काय आलंय."

इथं गोष्ट संपायला हवी होती. मला जे जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पण डूख अशी सांगून सुटत नाही, आणि माझी तर मला सोडायचीही नव्हती.

भाद्रपदात, भात पोटरीला आलं असताना, फोरमवर एक प्रश्न आला. 'अण्णा, तुडतुडे लागलेत. दोनदा फवारलं तरी हटत नाहीत. खाचराच्या मधोमध गोल जळत चाललंय. सांगा काहीतरी.' खाली नाव होतं, अण्णाचं खाचर. त्यांना किती जिवावर आलं असेल हे लिहिताना, ते मला दिसत होतं.

मी अण्णांना वाचून दाखवलं. कुणाचं आहे तेही सांगितलं. मला वाटलं ते उठतील. ते उठले नाहीत. कप खाली ठेवून घाईघाईनं सांगायला लागले. "आजच पानी काढायला सांग. उद्या नको, आजच. ते वाढतात बुडात, पान्याच्या अंगाला. चार बोटं वाट पाड म्हनावं रोपांमधनं, वारा जाऊ दे. आनि फवारू नको आता, त्यांना खानारे कोळी मरतात त्यानं. लिवलंस का? आजच, असं लिव."

मी लिहिलं. 'आजच' असंही लिहिलं. पण बटण दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं, "बघितलं का त्यानं?" मी म्हटलं, बघितलं. "पानी काढलं?" मी म्हटलं, हो, काढलं म्हणाले. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "काय म्हनतोय?" आणि मी मोबाइलकडे बघत, जणू वाचतेच आहे अशी, म्हटलं, "म्हणतायत, अण्णा तुमच्यामुळं वाचलो." अण्णा मान हलवून हसले. दोन महिने ज्या हसण्याची मी वाट बघितली होती ते हसू हे होतं, आणि ते मी खोटं सांगून मिळवलं.

पाचव्या दिवशी दुकानात जाताना मी रस्त्यावरून ते खाचर पाहिलं. मधला गोल बांधापर्यंत आला होता, सगळं गवत वाळल्यासारखं तपकिरी, आणि दुकानदार बांधावर उकिडवे बसले होते. मला आनंद झाला. थोडा वेळ झाला, खोटं कशाला सांगू. दुकानात जाऊन शटर वर केलं, खुर्ची ओढली आणि बटण दाबलं.

दुपारी त्यांचं उत्तर आलं. एकच ओळ. 'अण्णा, चार दिवस आधी सांगितलं असतं तर.'

आता ते तिथंच आहे. वर प्रश्नाची तारीख, खाली उत्तराची तारीख, मध्ये चार दिवस, आणि उत्तरात 'आजच' हा शब्द. दोन्ही तालुक्यांतले लोक वाचतात. एकानं खाली लिहिलंय, अण्णांनी मुद्दाम थांबवलं असंल, डूख धरली म्हाताऱ्यानं. दुसऱ्यानं लिहिलंय, मग कसले अण्णा. सगळं अण्णांच्या नावावर आहे, अनुस्वारासकट.

पासवर्ड माझ्याकडेच आहेत. तारीख बदलायला एक ओळ पुरेल. अण्णा रोज संध्याकाळी ओटीवर येऊन बसतात आणि म्हणतात, वाच गं, काय काय आलंय. मी ते पान सोडून बाकीचं वाचते.